भिंतीवरचा घास

आमच्या कॉलनीच्या जाहिरातीत पाण्याचा जो फोटो छापला होता, तो भाद्रपदातला होता. हे आम्हाला प्लॉट घेऊन, बंगला बांधून, वास्तुशांतीचं जेवण उरकल्यावर कळलं. भाद्रपदात मुळा धरण भरलेलं असतं. पाणी आमच्या कुंपणापाशी येऊन थांबतं आणि पलीकडच्या टेकड्या त्यात उलट्या दिसतात. चैत्र लागला की हेच पाणी इतकं मागं जातं, की ते बघायला स्कूटर काढावी लागते. मध्ये उरतो तो भेगाळलेला गाळ, त्यावर हिंडणाऱ्या शेळ्या आणि कुजक्या शेवाळाचा वास.

राहणारे बहुतेक निवृत्त. कुणी कॉलेजातून, कुणी साखर कारखान्यातून, कुणी सरकारी खात्यातून. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारलेले हात, ते रिकामे कसे राहणार? म्हणून सोसायटी निघाली, अध्यक्ष ठरले, मोबाईलवर ग्रुप उघडला आणि सगळ्यांनी मिळून चिंता करायला सुरुवात केली. शेळ्या कुंपणाला अंग घासतात, ही चिंता. मासे धरणारे पहाटे मोठ्यानं बोलतात, ही चिंता. गच्चीच्या दर्शनी भागात कुणीतरी गोधड्या वाळत घालतं, ही तर इतकी मोठी चिंता की तिच्यासाठी खास बैठक बसली. मी नगरच्या शाळेत आयुष्यभर मुलं सांभाळली, पण इतकी चहाडखोर पोरं मला एकाही वर्गात भेटली नव्हती.

अध्यक्षांना सगळे 'साहेब' म्हणायचे. नोकरीत असताना त्यांच्या केबिनबाहेर लोक तासन्‌तास बसून राहायचे, असं ते स्वतःच सांगायचे. आता बाहेर कुणी बसत नव्हतं, म्हणून तेच दारोदार फिरायचे. सकाळी एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल. कुठं काय चुकलं त्याचा फोटो काढायचा आणि घरी पोचायच्या आत ग्रुपवर टाकायचा. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, चांगल्या होत्या. चांगल्या म्हणजे नवऱ्यासमोर तोंड उघडत नव्हत्या.

सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या. देवळाली प्रवराजवळच्या वस्तीवर त्यांचा सगळा संसार झालेला. दीर आणि जाऊ मुलाकडं पुण्याला गेले, वस्तीवरच्या घराला कुलूप लागलं, आणि धाकट्याकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं, त्यांची रवानगी झाली. येताना त्या एक पत्र्याची पेटी आणि एक शब्द घेऊन आल्या. तो शब्द काय होता ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

सासऱ्यांचा दहावा कोल्हारला प्रवरेच्या काठी झाला होता. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे बसलेले दिसत होते, पण खाली उतरत नव्हते. मग रीतीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायला लागला. दीर म्हणाले, वस्ती मोडणार नाही. माझा नवरा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. माणसाची पारख त्यांना आमच्याहून बरी असावी. शेवटी बायकांतून सासूबाई उठल्या, पदर सावरत पिंडासमोर आल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी जेवल्याबिगर मी कदी जेवले न्हाई. हितून फुडं बी न्हाई जेवायची. रोज आधी तुमचा घास, मग माझा." त्या वळल्यासुद्धा नव्हत्या, तेवढ्यात एक कावळा खाली आला.

मी विज्ञान शिकवायचे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून मी ते सोडून दिलं. सासूबाईंनी सोडलं नाही. आमच्याकडं आल्यापासून सकाळी पहिली भाकरी तव्यावरून उतरली की त्या तिचा कोर मोडायच्या, मागच्या भिंतीवर ठेवायच्या आणि हलक्या आवाजात "का, का" अशी हाक घालायच्या. कावळ्यानं घास उचलला की मग स्वतः जेवायला बसायच्या. तोवर चहाचा घोटसुद्धा नाही. कुंपणापलीकडं, धरणाच्या हद्दीत, भरलं पाणी जिथवर टेकतं त्या कडेला, जुन्या बाभळींची रांग होती. तिथले कावळे त्यांना ओळखायला लागले. त्यातला एक लंगडा होता, तो नेहमी पहिला यायचा. "आलं का म्हातारं," असं म्हणून त्या त्याला घरातलं सगळं सांगायच्या. आज धाकट्यानं दाढी केली न्हाई. सूनबाईचा गुडघा दुखतोय. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं, कारण सासरे हयात असताना एवढा वेळ कधी ऐकून घेत नव्हते.

पहिली तक्रार सोलरची. साहेबांच्या गच्चीवरच्या सोलरच्या काचेवर कावळ्यांनी घाण केली. फोटो ग्रुपवर आला. मग कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीवर मटणाचं हाड सापडलं. कॉलनीत कुणीच मटण खात नाही असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, तेव्हा ते हाड कावळ्यानंच राहुरीहून आणलं असणार असं ठरलं. मग कुणाच्या गाडीची काच, कुणाचे वाळत घातलेले सांडगे. आणि मग फलकावर सूचना लागली: आवारात पक्ष्यांना खाद्य टाकण्यास सक्त मनाई आहे, पितृपक्षात मात्र घास ठेवण्यास मुभा राहील.

मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली.

"म्हंजी वरीसभर कावळ्यानं उपाशी ऱ्हायाचं, आन् पंधरा दिस ह्यांच्या बापासाठी यायचं व्हय?" त्या म्हणाल्या. "कावळा काय ह्यांच्या हापिसातला शिपाई हाय?"

दुसऱ्या दिवशीही भाकरीचा कोर भिंतीवर गेला. त्याचा फोटो ग्रुपवर आला. संध्याकाळी साहेब स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. माझ्या नवऱ्यानं त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. जन्मभर कारखान्यातल्या साहेब लोकांपुढं उभं राहून त्याला दुसरं काही जमेनासं झालं होतं.

"आजी, गाव वेगळं, सोसायटी वेगळी," साहेब म्हणाले.

"भित घान हुती आसंल तर मी रोज धुवून देते, साहेब."

"प्रश्न भिंतीचा नाही, शिस्तीचा आहे. आणि तुमचे मालक गेले ना आजी? मग भिंतीवरची भाकरी त्यांना पोचते असं तुम्हाला खरंच वाटतं?" असं म्हणून ते हसले. माझ्या नवऱ्याकडं बघून हसले, आणि तोही हसला.

सासूबाईंनी विचार केला. टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच विचार केला, आणि म्हणाल्या, "न्हाई पोचत, तर मग तुमी पित्रात गच्चीवर कुनाला वाढता?"

साहेबांचा चेहरा उतरला. ते उठले, चहा तसाच राहिला. माझा नवरा त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत माफी मागत गेला. परत येऊन आईला म्हणाला, "कशाला उलट बोलायचं? कुंपणाच्या बाहेर ठेव ना घास. बाहेरचं ते काही सोसायटीचं नाही." मला त्याचा असा राग आला, की त्या रात्री मी त्याला नुसता भात वाढला.

तरी सासूबाई बाहेर जायला लागल्या. बाभळींकडं उघडणारं मागचं छोटं फाटक होतं, त्यातून जायच्या. आठवडा गेला नाही तोच त्या फाटकाला कुलूप लागलं. सुरक्षेसाठी, असं ग्रुपवर आलं. मग सासूबाई पदरात भाकरीचा कोर बांधून पुढच्या मोठ्या फाटकानं, सगळ्या कॉलनीला वळसा घालून बाभळीखाली जायला लागल्या. गुडघे धरत जायच्या, गुडघे धरत यायच्या, आणि मग जेवायच्या. वाटेत साहेब भेटले तर आधी त्याच म्हणायच्या, "रामराम, साहेब." ते मोबाईलमध्ये बघायचे.

वैशाखात बाभळींवर घरटी झाली. पिल्लं असली की कावळा कुणाचाच नसतो. एका सकाळी साहेब बाभळीखालून, शेळ्यांचे फोटो काढत निघाले होते, तेव्हा मागून कावळा आला आणि त्यानं त्यांच्या टकलावर चोच मारली. रक्त आलं. साहेब रस्त्यातून ओरडत घरी गेले. कॉलनीनं ऐकलं, पडदे हलले, पण बाहेर कुणी आलं नाही.

आता आमच्याकडची एक समजूत सांगते. कावळा डोक्याला शिवला तर ते मरणाचं लक्षण. त्यावर उतारा एकच. त्या माणसाच्या रक्ताच्या नातेवाइकांना तो मेल्याची खोटी बातमी पाठवायची. ती ऐकून कुणीतरी खरं रडलं पाहिजे. रडलं की मरण टळतं, मग खरं काय ते सांगायचं. साहेबांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी ऐकवलं होतं. पण वहिनींनी भीत भीत विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुला काय करायचं ते कर, मला सांगू नको."

वहिनींनी श्रीरामपूरच्या नणंदेला फोन लावला. रडत सांगितलं, म्हणजे रडल्यासारखं सांगितलं. नणंद म्हणाली, "कितीला नेणार?" वहिनी वाट बघत राहिल्या. पलीकडून रडं काही येईना. नणंदेनं फोन ठेवला आणि मोबाईलवर भावाचा फोटो चढवला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तो फोटो कुणाकुणाच्या मोबाईलवरून फिरत फिरत तासाभरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडला.

साहेब डोक्याला हळद लावून आपल्याच घरात पलंगावर बसले होते, आणि तो ग्रुप त्यांच्याही मोबाईलवर होता. त्यांनी सगळं वाचलं. आधी जोडलेल्या हातांची चित्रं आली. मग एकानं विचारलं, रविवारची बैठक रद्द समजायची का? दुसऱ्यानं विचारलं, मागच्या फाटकाची किल्ली आता कुणाकडं? उपाध्यक्षांनी लिहिलं की जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागेलच, मी तयार आहे. रडलं कुणीच नाही. हे सगळं वहिनींनी नंतर मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. त्या बाईला मी तेवढं एकदाच मोकळं हसताना पाहिलं.

रडल्या त्या माझ्या सासूबाई. माझ्या नवऱ्यानं ग्रुप बघून सांगितलं, "साहेब गेले." सकाळी कावळ्यानं चोच मारलेली त्यांना ठाऊकच होती. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि अनवाणी रस्त्यानं निघाल्या, गावाकडच्या बायका निघतात तशा, मोठमोठ्यानं आक्रोश करत. "माझ्याच घासावर वाढला रं तो मुडदा कावळा! म्याच खाऊ घातला, आन् त्यानं तुझं डोस्कं फोडलं! आरं माझ्या लेका, माझं आयुष्य तुला लागलं आसतं रं!" कॉलनीचे सगळे पडदे पुन्हा हलले. मी मागून धावले. साहेबांच्या फाटकाशी त्या खाली बसल्या आणि जमिनीवर हात आपटायला लागल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ज्या माणसानं त्यांच्यासाठी फाटकाला कुलूप लावलं होतं, त्याच्यासाठी.

आणि साहेब बाहेर आले. बनियनवर, डोक्याला हळद फासलेली. सासूबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग उठल्या, पुढं झाल्या, त्यांच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. "जितं हाय माझं लेकरू," म्हणाल्या. पुन्हा रडल्या, आता आनंदानं. वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "सुटलो बाई. कुणीतरी रडलं."

साहेब खाली मान घालून आत गेले. मला वाटलं, माणूस हलला. मी किती मूर्ख होते ते रविवारी कळलं.

रविवारच्या बैठकीत बाभळींचा विषय निघाला. प्लॉट माझ्या नवऱ्याच्या नावावर, म्हणून सभासद तो. मी मागं खुर्चीवर, बोलायला बंदी. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "हे कावळे इथं कुणाच्या खाण्यावर वाढले, हे मी सांगायची गरज नाही. आजींनी स्वतः माझ्या दारात येऊन, सगळ्यांच्या समोर कबूल केलंय. माझ्याच घासावर वाढला, हे त्यांचेच शब्द." लोक माना हलवायला लागले. जे पडद्याआडून ऐकत होते, ते आता साक्षीदार झाले. माणूस मेला म्हणून केलेला आक्रोश पुरावा म्हणून वापरायचा, हे मी तोवर कुठं ऐकलं नव्हतं. मी उभी राहून म्हणाले, "त्या तुमच्यासाठी रडत होत्या." साहेब म्हणाले, "मॅडम, फक्त सभासदांनी बोलावं." पावसाळ्यापूर्वीची धोकादायक फांद्यांची छाटणी, असं त्या ठरावाला नाव दिलं. हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. त्यात माझ्या नवऱ्याचाही होता. घरी आल्यावर म्हणाला, "सगळ्यांनी वर केला, मी एकट्यानं खाली ठेवून काय झालं असतं?"  

झाडं बुंध्यापासून गेली. मशीनच्या करवतीनं एका सकाळीत रांग आडवी झाली. साहेब स्कूटरचं हेल्मेट घालून देखरेखीला उभे होते. घरटी खाली आली, पिल्लं गाळात पडली, पंख न फुटलेली, लाल तोंडं उघडी. वर कावळ्यांचा नुसता कल्ला चालला होता. कामगार पिल्लं बाजूला सारत होते, आणि कॉलनीची कुत्री एकेक उचलून नेत होती. सासूबाई मागच्या भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. मी आत चला म्हटलं तर म्हणाल्या, "बघू दे. माझ्यामुळं झालंय, मला बघू दे." दुपारपर्यंत कल्ला चालला. मग थांबला आणि कावळे गेले. कुठं गेले कुणास ठाऊक. साहेबांनी ग्रुपवर मोकळ्या काठाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, आता सर्वांना तलावाचं विनाअडथळा दर्शन. तलाव तेव्हा स्कूटरवर जाण्याइतका लांब होता.

दुसऱ्या दिवशी भाकरीचा कोर भिंतीवर गेला. आता कुणी हरकत घेतली नाही. सासूबाई "का, का" करत उभ्या राहिल्या. ऊन चढलं. साळुंकी आली आणि घास घेऊन गेली. मी म्हटलं, "झालं आई, जेवा." त्या म्हणाल्या, "साळुंकीला न्हाई, त्यांला शबूद दिलाय." दुपार कलली तेव्हा मी ओरडले, रडले, तेव्हा कुठं त्यांनी घोटभर दूध घेतलं, तेही भिंतीकडं बघत, चोरी केल्यासारखं. रोज तेच. हाक मारायची, उभं राहायचं, आणि संध्याकाळी दूध.

एकदा मी त्यांना रिक्षात घालून राहुरीच्या बाजारात, मटणाच्या दुकानामागं घेऊन गेले. तिथं कावळेच कावळे. त्यांनी पत्र्यावर कोर ठेवला, एकानं लगेच उचलला, आणि सासूबाई तिथंच, रिक्षात, हाडांच्या वासात, माझ्या डब्यातली भाकरी कशी खात सुटल्या! मला बघवलं नाही. नवऱ्याला म्हटलं, रोज न्यायला हवं, तू निदान एक दिवसाआड ने. तो म्हणाला, "आईला जेवायला मटणाच्या दुकानामागं नेतो, हे लोकांना कळलं तर?" मी एकटीनं नेलं तेवढं नेलं. मग पाऊस लागला, आणि त्यांना ताप भरला. अंगात काही उरलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. सगळेच म्हणाले, वय झालं होतं. मी तसं म्हणत नाही.

श्रावण सरता सरता त्या गेल्या. शेवटी शुद्ध जात-येत होती तेव्हा एकदा म्हणाल्या, "आज ठिवला का?" मी ठेवला म्हटलं. "उचलला?" मी उचलला म्हटलं. "लंगड्यानंच व्हय?" मी हो म्हटलं. मला खोटं बोलल्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

दहावा कुठं करायचा यावर मी म्हटलं, कोल्हारला करा, प्रवरेकाठी, सासऱ्यांचा झाला तिथं. पण साहेबांनीच सुचवलं, एवढं पाणी दारात असताना लांब कशाला? आपल्याच काठावर करू, सोसायटी मंडप देईल. नवऱ्यानं लगेच हो म्हटलं. जिथं बाभळींचे बुंधे होते, तिथंच सतरंज्या पडल्या. पांढऱ्या कपड्यांत सगळी कॉलनी आली. प्रवचन झालं. पिंड मांडले. लोक आकाशाकडं बघायला लागले.

आकाश स्वच्छ होतं. एक ठिपका नव्हता.

दीर पुण्याहून आले होते. ते पुढं झाले, हात जोडून काहीतरी पुटपुटले. नवरा पुढं झाला. तोही पुटपुटला. गुरुजी इकडंतिकडं बघत म्हणाले, "इथं कावळे नाहीत की काय?"  ऊन तापलं. रिकामा वेळ भरायचा म्हणून, आमच्याकडची पद्धत आहे, मान्यवरांना दोन शब्द बोलायला बोलावतात. साहेबांनी माइक हातात घेतला. हात जोडून म्हणाले, "आजी म्हणजे निसर्गप्रेमी व्यक्तिमत्त्व. पक्ष्यांवर, विशेषतः कावळ्यांवर, त्यांचा फार जीव. त्यांच्या जाण्यानं आपल्या सोसायटीत पोकळी निर्माण झाली आहे." आणि समोर पिंडावर माश्या बसत होत्या. माझं आयुष्य तुला लागलं असतं, असं ती बाई रस्त्यात बसून ओरडली होती. ते आयुष्य अंगाला लावून हा धडधाकट माणूस माइकसमोर उभा होता, आणि मध्येच घड्याळ बघत होता.

मी उठले. म्हटलं, "साहेब, त्यांना एक शब्द द्या. तुमच्या शब्दानं येईल कदाचित."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्यानं डोळ्यांनी मला बस म्हणून खुणावलं. साहेब म्हणाले, "कसला शब्द, मॅडम?" आणि मग गुरुजींकडं वळून हळूच, पण माइक चालूच होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, "गुरुजी, दर्भाचा चालतो ना? लोकांना उशीर होतोय." गुरुजींनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली. गुरुजींनी दर्भाच्या काड्या दुमडून एक गाठ मारली, कावळा म्हणून ती पिंडाला लावली, आणि लोक सुटल्यासारखे उठले. रोज कावळ्याला घास घालणाऱ्या बाईला गवताचा कावळा शिवला.

पण उठताना मी त्यांची तोंडं पाहिली. एरवी जेवणाच्या पंगतीकडं पळणारी ही माणसं, त्या दिवशी वर बघत बघत निघाली होती. सगळी साठी-सत्तरी पार केलेली. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट चालली होती, आणि ती सासूबाईंबद्दल नव्हती.

थोड्या दिवसांनी पित्रं सुरू झाली. आमच्या घरात वर्षाच्या आतलं मरण, म्हणून यंदा आमच्याकडं पित्र नव्हतं. आमच्या गच्चीवरून बघायला मी मोकळी होते. धरण काठोकाठ भरलं होतं, अगदी जाहिरातीतल्यासारखं. साहेबांच्या वडिलांच्या तिथीला गच्चीवर पान वाढलेलं होतं, वडे, खीर, कढी, गवारीची भाजी. आणखी दोन-तीन गच्च्यांवरही पानं होती. सूचनेप्रमाणं मुभा होतीच. पानाला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही रीत, आणि अर्ध्या कॉलनीला मधुमेह. साहेब पंचा नेसून, डोक्यावर टोपी घालून उभे होते. "का! का!" आधी शिपायाला हाक मारावी तशी. मग जरा खालच्या आवाजात. मग दमून. मग हात जोडून.

उन्हं माथ्यावर आली. वहिनी त्यांच्या गच्चीच्या कठड्याशी आल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "ताई, हे सकाळपासून उपाशी आहेत हो. आजी कावळ्यांना कशा बोलवायच्या, एकदा सांगता का?"

साहेब माझ्याकडं बघत होते. पहिल्यांदाच मोबाईलमध्ये न बघता माझ्याकडं बघत होते.

"त्या रोज बोलवायच्या, वहिनी," मी म्हटलं.

मग मी खाली आले, ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले. जेवण होईपर्यंत वरून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या.